भोक असलेली तांब्याची वाटी, दोऱ्यांची फळी आणि आजीच्या पेटाऱ्यातल्या आणखी दोन वस्तू : कशासाठी असतील?

माजघर (प्रश्न)

नमस्कार. मी डोंबिवलीला राहते, माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. आमचं जुनं घर यंदा पावसाळ्याआधी उतरवायचं ठरलंय, कारण वाशांना वाळवी लागली आहे. मागच्या आठवड्यात मी, भाऊ आणि काकू असे तिघांनी मिळून पोटमाळा रिकामा केला. कोपऱ्यात आजीचा शिसवी पेटारा होता. आजी गेल्यापासून तो कुणी उघडलेला नव्हता. आत वरती लाल फडक्यात बांधलेली जुनी पंचांगं होती आणि त्यांच्याखाली या चार वस्तू. त्या कशाच्या आहेत हे घरात कुणालाच सांगता येत नाहीये.

१) तांब्याची पातळ वाटी. अर्ध्या नारळाच्या करवंटीसारखी गोल, बुडाला बैठक नाही, त्यामुळे जमिनीवर ठेवली की डुलते. तोंड साधारण १३ सेंटिमीटर, खोली साडेसहा, वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर १५० ग्रॅम. बुडाला अगदी मधोमध एक भोक आहे, शिवणाची सुई जेमतेम जाईल एवढं.

२) लाकडी फळी, वीतभर रुंद आणि दीड वीत लांब. दोन्ही कडांना ओळीने बारीक भोकं आणि त्यांतून ओवलेले दोरे, सगळे एका अंतरावर, ताणून बसवलेले. भाच्याला ते तारवाद्य वाटलं. पण दोरे फळीला चिकटलेले आहेत, आवाज निघत नाही.

३) पितळेची मुठीत मावेल एवढी डबी, झाकणाला चाळणीसारखी भोकं. मसाल्याची म्हणावी तर वास कसलाच नाही.

४) लोखंडाचा एक दांडा, खाली चहूबाजूंनी वळवलेले आकडे आणि वर कडी. हा तेवढा पेटाऱ्याबाहेर, भिंतीला टेकवलेला होता.

काकूंचं म्हणणं, वाटीला भोक पडलंय म्हणून आजीने ती वर टाकली असणार, डाख देऊन घेतली तर तांब्याची चांगली वाटी आहे. गावातल्या भंगारवाल्याने तर सगळ्याचा मिळून किलोवर भाव सांगितला. मी दोघांनाही थांबवलंय, कारण मला एक आठवतं. मी सहा-सात वर्षांची असताना ही वाटी देवघरातल्या फडताळात असायची. मी ती भातुकलीला घेतली तेव्हा आजीने कधी नव्हे ते माझ्या हातावर चापट मारली होती आणि म्हणाली होती, "ती खेळायची नव्हे, ती मोजायची आहे." मोजायची म्हणजे काय, हे मी तेव्हा विचारलं नाही. भोक असलेल्या वाटीने काय मोजणार?

आंबोली_घाट

चौथी वस्तू सोपी आहे. तो विहिरीचा गळ. पोहरा किंवा कळशी दोर तुटून विहिरीत गेली की हा दोराला बांधून तळाशी फिरवायचा, एखाद्या आकड्यात कडी अडकते. आमच्याकडे आख्ख्या वाडीत एकच होता आणि ज्याची कळशी बुडेल तो मागायला यायचा.

वाटी म्हणजे अभिषेकपात्र वाटतं. शंकराच्या पिंडीवर टांगतात, भोकातून थेंब थेंब पाणी पडतं.

माजघर

गळाबद्दल आभार. भाऊ म्हणतो बरोबर आहे, परसातल्या विहिरीवर त्याने लहानपणी पाहिलाय.

अभिषेकपात्राचं माझ्याही मनात आलं होतं. पण आजी "मोजायची" का म्हणाली असेल?

मठारकाम

ताई, आमचं घराणं तांबटांचं, पुण्याच्या तांबट आळीतलं. मी स्वतः नोकरी केली, पण वडिलांच्या हाताखाली सुट्टीत ठोके मारलेले आहेत. म्हणून आधी हात जोडून सांगतो, ते भोक बुजवू नका. डाख नको, कल्हई नको, घासणंही नको. त्या वस्तूत जे काही आहे ते त्या भोकातच आहे.

पडलेलं भोक आणि पाडलेलं भोक यांत फरक असतो. तांबं झिजून किंवा किटून भोक पडतं ते वेडंवाकडं असतं, कडा कागदासारख्या पातळ होतात, भोवती हिरवट डाग असतो, आणि ते बरोबर मधोमध तर सहसा पडत नाही. तुमच्या वाटीचं भोक मध्यावर आहे. उजेडाकडे धरून बघा. ते गोल असेल आणि आतबाहेर कडेला बोट फिरवल्यावर नखाला अडकणार नसेल, तर कुणीतरी ते मुद्दाम पाडून कडा घोटून सपाट केलेल्या आहेत.

अभिषेकपात्र मी वडिलांना करताना पाहिलंय. ते टांगायचं असतं, म्हणून काठाला साखळीसाठी कड्या असतात, नाहीतर ठेवायला तिवई असते. पत्रा जाड, कारण भरलेल्या पाण्याचं वजन त्याला पेलायचं असतं. बुडाशी भोकाला बाहेरून बारीकशी चोच काढतात, म्हणजे थेंब बुडावरून ओघळत न जाता सरळ खाली पडतो. तुमच्या वाटीला कडी नाही, चोच नाही, बैठक नाही, आणि एवढ्या घेराला १५० ग्रॅम म्हणजे पत्रा फार पातळ. जी वस्तू टांगताही येत नाही आणि ठेवताही येत नाही, ती कुठे राहते? पाण्यावर.

माझ्या मते हे घटिकापात्र आहे. मोठ्या घंगाळात पाणी भरायचं आणि वाटी रिकामी वर सोडायची. भोकातून पाणी आत येत राहतं आणि एका घटकेने, म्हणजे २४ मिनिटांनी, ती भरून बुडते. अशा ६० घटका म्हणजे एक दिवसरात्र. सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथात हेच यंत्र सांगितलंय, "ताम्रपात्रमधश्छिद्रम्", खाली छिद्र असलेलं तांब्याचं भांडं, ते स्वच्छ पाण्याच्या कुंडात ठेवलं की अहोरात्रात साठ वेळा बुडतं.

बादलीत सोडून बघा आणि मोबाइलवर वेळ लावा.

माजघर

वाचून अंगावर काटा आला. भोक गोल आहे, कडा गुळगुळीत. "घटका भरली" हे शब्द मी हजार वेळा बोलले असेन, पण ती कशात भरते हे कधी मनात आलं नाही.

पण प्रयोग फसला. मोठ्या टबात वाटी सोडली. ती छान तरंगली आणि तशीच तरंगत राहिली. पाऊण तास झाला तरी आत पाणी नाही! भोकावर फक्त बाजरीच्या दाण्याएवढा एक टपोरा थेंब वर आलेला, तो तिथेच बसून होता. सुई घालून पाहिली, भोक आरपार मोकळं आहे. मग हे घटिकापात्र नव्हेच का? पत्रा हलका म्हणून ती बुडत नसेल का?

मठारकाम

नाही नाही, उलट हे फार चांगलं लक्षण आहे. आणि सुई पुन्हा घालू नका. तांबं मऊ असतं, पोलादी सुईने भोक केसभर रुंदावलं तरी माप गेलं.

झालंय असं. इतक्या वर्षांत वाटीला हातांचं, समईच्या काजळीचं तेलकट पूट बसलंय. तेलकट धातूवर पाणी पसरत नाही, मणी धरतं. एवढ्याशा भोकावर तो मणी बुचासारखा बसतो, आणि खालून वाटीचा जेमतेम तीन सेंटिमीटर पाण्याचा दाब त्याला फोडू शकत नाही. लीलावतीची, म्हणजे भास्कराचार्यांच्या मुलीची, गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. लग्नघटका मोजायच्या वाटीत तिच्या अंगावरचा मोती पडला, छिद्र बुजलं आणि मुहूर्त निघून गेला. (ही कथा अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ साली भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथाचं फारसी भाषांतर केलं त्यात येते, भास्कराचार्यांनी स्वतः लिहिलेली नाही.) तुमच्याकडे पाण्याचाच मोती झालाय.

उपाय सोपा आहे. रिठ्याच्या कोमट पाण्यात वाटी रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी नुसत्या पाण्याने विसळा. चिंच, लिंबू, पावडर काही लावू नका, आंबटाने तांबं खातं. मग वाटी आतून बाहेरून ओली असतानाच पाण्यावर सोडा. तरीही मणी धरला तर ओलं बोट आतून हलकेच भोकावर टेकवा. एकदा पाण्याला पाणी भेटलं की धार सुरू होते.

खंडाळा_वाई

मी वाईचा. वय ७६. माझे वडील याज्ञिकी करत, त्यामुळे थोडं लिहितो. मुलीने टंकून दिलं आहे.

आमच्या घरी असंच पात्र होतं. लग्नाच्या दिवशी वडील पहाटेच वधूघरी जात. स्वच्छ जागी तांदळाची रास, तिच्यावर घंगाळ आणि घंगाळात गाळलेलं पाणी. पाण्यात कचरा चालत नाही, म्हणून धोतराच्या दुपदरी फडक्यातून गाळून घ्यायचं. सूर्यबिंब अर्धं वर आलं की मंत्र म्हणून पात्र सोडायचं. "मुख्यं त्वमसि यन्त्राणां ब्रह्मणा निर्मितं पुरा", सगळ्या यंत्रांत तू मुख्य आहेस. यंत्राला उद्देशून असा मंत्र म्हणताना वडिलांचा आवाज निराळा होई.

मग एक माणूस तिथून हलत नसे. ते काम लहानपणी माझ्याकडे असायचं. पात्र भरत आलं की काठ पाण्याला टेकतो, क्षणभर पाणी काठावरून आत वाकतं आणि "डुब्" असा आवाज होऊन पात्र खाली जातं. ते लगेच काढायचं, पालथं करून झटकायचं, पुन्हा सोडायचं आणि घंगाळाच्या बाहेरच्या अंगाला कुंकवाचं एक बोट लावायचं. बोटं मोजली की किती घटका गेल्या ते कळे. मोठ्या वाड्यांत, देवळांत घटका भरली की कांशाच्या थाळीवर टोला देत. त्या थाळीला तास म्हणत. आपण आज "दोन तास झाले" म्हणतो तो तास हाच. आणि घड्याळ हा शब्दही घटीवरूनच आला.

पंचांगात मुहूर्त घटी-पळांत असे. समजा सूर्योदयापासून १२ घटी २० पळे. एक घटी २४ मिनिटे, एक पळ २४ सेकंद. म्हणजे ४ तास ४८ मिनिटे अधिक ८ मिनिटे, सूर्योदयानंतर ४ तास ५६ मिनिटांनी अक्षता पडायच्या. गोरज मुहूर्ताला मात्र पात्राची गरज लागत नसे, सूर्यच सांगे.

ताई, तुमच्या घरात जोशीपण होतं का? पेटाऱ्यात पंचांगं होती म्हणालात.

माजघर

काका, नमस्कार. तुमचं लिहिणं मी काकूंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, आजीचे सासरे पंचक्रोशीत मुहूर्त काढून द्यायचे. हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. आजोबा मुंबईला गिरणीत लागले आणि ते सगळं तिथेच थांबलं.

आता वाटीचं. रिठ्यात ठेवली, ओली करून सोडली. मणी धरला. ओलं बोट टेकवलं आणि काय सांगू, बुडातून केसासारखी बारीक कारंजी उसळली! पहिला बोटभर पाणी येईपर्यंत ती दिसते, मग आतल्या पाण्याखाली जाते आणि नुसतं पाणी थरथरताना दिसतं. आम्ही चौघं टबाभोवती बसून होतो. भाचा तर मोबाइल विसरला. बुडायच्या आधी ती एका अंगाला किंचित झुकली आणि काका म्हणतात तसाच आवाज आला.

पण वेळ २६ मिनिटं १० सेकंद. पुन्हा केलं, २६ मिनिटं ५ सेकंद. तिसऱ्यांदा २६ मिनिटं १५ सेकंद. २४ का नाही? दोन मिनिटांची चूक मुहूर्तात कशी चालायची?

मठारकाम

तीन वेळांत फरक १० सेकंदांचा! हाताने ठोकलेल्या वाटीकडून याहून जास्त काय मागायचं.

दोन मिनिटांची कारणं असू शकतात. तुमच्याकडचं पाणी आत्ता गार असेल. गार पाणी जरा दाट, बारीक भोकातून सावकाश येतं, कोमट पाण्यात करून बघितलंत तर थोडा फरक दिसेल. दुसरं, भोकाच्या आतल्या कडेला पाण्यातल्या क्षाराचं नाहीतर किटाचं पूट असेल. एवढ्या भोकात केसाच्या जाडीचं पूट बसलं तरी मिनिटं वाढतात. ते काढायचा मोह होईल, काढू नका.

जुन्या ग्रंथांत वाटीचं वजन, घेर, आणि भोक पाडायच्या सोन्याच्या सुईचंही वजन आणि लांबी दिलेली आहे. भागवतात सहा पळे तांबं आणि चार मासे सोन्याची चार अंगुळे लांब सुई, असं येतं (इथे पळ आणि मासा ही वजनं, वेळेचं पळ नव्हे). पण वडील सांगत, कोणी तांबट तसं माप घेऊन वाटी बरोबर करून दाखवणार नाही. आधी भोक लहान पाडायचं, पाण्यावर सोडायचं, लवकर-उशीर बघून जरा जरा मोठं करत जायचं. भोक चुकून मोठं झालं तर ठोकून पुन्हा बारीक करायचं.

आणि भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीत (११५०) नेमकं हेच सांगून टाकलंय. तांब्याची अर्ध्या घटाच्या आकाराची, तळाला छिद्र असलेली घटिका घ्या, दिवसरात्रीत ती किती वेळा बुडते ते मोजा, आणि अहोरात्राला त्या आकड्याने भागा. येईल ते तिचं माप. म्हणजे वाटी २४ मिनिटांचीच हवी असं नाही, तुमची वाटी कितीची आहे ते तुम्हाला ठाऊक हवं. २६ मिनिटांनी भागलं तर तुमची दिवसरात्रीत ५५ वेळा बुडेल. तुमच्या पणजोबांना हा आकडा नक्की पाठ असणार.

ज्या माणसाने हे लिहिलं त्याच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख चाळीसगावजवळ पाटणच्या देवळात आहे. जमलं तर जाऊन या. मी दोनदा गेलोय.

मोडीवाचक

सगळे वाटीत रमलेत, मी राहिलेल्या दोघांचं सांगते. मी जुने कागद वाचते, त्यामुळे ही फळी बघून मला तुमच्या वाटीइतकाच आनंद झालाय.

ती रेघा पाडायची फळी आहे. कोरा कागद तिच्यावर ठेवायचा आणि वरून बोटाने किंवा फडक्याच्या बोळ्याने दाबत न्यायचं. खालचे दोरे कागदावर उठतात आणि शाई न लागता समांतर रेघा मिळतात. देवनागरी अक्षर रेघेवर बसत नाही, रेघेखाली लोंबतं, म्हणून शिरोरेघेपुरता तो उठाव पुरतो. पोथीचं पान उजेडाला तिरपं धरलं की या मुक्या रेघा दिसतात. जुन्नरी कागद चांगला घोटलेला असला की फारच सुंदर उठतात. दोन दोऱ्यांमधलं अंतर मोजून ठेवा. पेटाऱ्यात हाताने लिहिलेलं एखादं पान सापडलं आणि ओळींचं अंतर जुळलं, तर ते पान याच फळीवरचं आहे असं छातीठोक सांगता येईल.

डबी म्हणजे वाळूदाणी. टीपकागद येण्याआधी ओल्या शाईवर बारीक वाळू भुरभुरायचे आणि कागद झटकून उरलेली परत डबीत. ती धुऊ नका! झाकण काढून पांढऱ्या कागदावर उलटी करा आणि काय पडतं ते सांगा.

एक विनंती. या तीन वस्तू आणि पंचांगं एकत्र राहू द्या, निदान एकत्र ठेवून फोटो तरी काढा. सुटी वाटी म्हणजे कुणाचीही वाटी. वाळूदाणी, रेघांची फळी आणि पंचांगं शेजारी आली की ती एका लिहित्या, मुहूर्त काढणाऱ्या माणसाची होते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात घरगुती वस्तू बघताना मला नेहमी वाटतं, ही कुणाच्या कपाटात कशाशेजारी होती ते कळायला हवं होतं.

माजघर

उलटी केली. आधी काहीच नाही. मग तळाला टिचकी मारली तेव्हा चिमूटभर काळी वाळू पडली, बारीक, अभ्रकासारखी चमकणारी. एका कणाला शाईचा डाग आहे की माझे डोळे मला फसवतायत, कळत नाही. परत डबीत भरून ठेवली.

फळीवर वहीचा कागद ठेवून नखाने ओढलं. बारा रेघा उमटल्या. मग पंचांगांचं बोचकं पूर्ण सोडलं. छापील पंचांगांच्या मध्ये हाताने लिहिलेली चार आडवी पानं निघाली. अंतर जुळतंय, अगदी दोऱ्यागणिक. अक्षर देवनागरी आहे, पण समासात मोडीत काहीतरी आहे. मोडीवाचकताई, फोटो पाठवते, बघाल का?

वाईच्या काकांसाठी आणखी एक. तुम्ही घंगाळाचं लिहिलंत म्हणून मी भावाला फोन केला, आपल्याकडे मोठं घंगाळ होतं का म्हणून. तो म्हणाला, आहे की, गोठ्यात आहे, म्हशीला पाणी दाखवायला वापरत होते. मी म्हटलं, बाहेरच्या अंगाला काही दिसतं का बघ. तो बॅटरी घेऊन गेला. काठाखाली शेणाचे शिंतोडे आणि चुना आहे, पण एका बाजूला तांबूस ठिपक्यांची रांग लागते, असं म्हणतोय. गंज असेल, कुंकू असेल, फोनवर काय सांगणार. रविवारी तो इकडे येतोय. त्याला सांगितलंय, घासू नकोस, धुऊ नकोस, आहे तसं गोणपाटात गुंडाळून आण.